गूगल घ्यायचं का झोहो? आधी सांगा, सिम कोणाच्या नावावर आहे

२०२५ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपला मेल झोहो या चेन्नईच्या कंपनीकडे नेल्याचं जाहीर केलं आणि आमच्या वजनकाट्यांच्या दुकानात भलत्याच चौकशा सुरू झाल्या. एरवी त्या दिवसांत सराफ्यातून फोन येतात ते धनत्रयोदशीच्या आत काटा तपासून द्या म्हणून. या वेळी काट्याचं बोलून झालं की हळूच पुढे, "वहिनी, मग आपणही झोहो घेऊन टाकायचं का? का गूगलच बरं?" कळमना बाजारातल्या एका अडत्यांनी तर "तुम्ही सांगान ते घेतो" म्हणून सगळा भार माझ्यावरच टाकला.

मी प्रत्येकाला उलटं विचारलं, दुकानाचं सिम कोणाच्या नावावर आहे? उत्तरं आली ती अशी: भाच्याच्या. वारलेल्या काकांच्या. एकाने सांगितलं, "पाहा लागन." मग डोमेन, म्हणजे दुकानाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे हे विचारण्यात अर्थच नव्हता.

मेल कुठल्या कंपनीचा घ्यायचा हा प्रश्न मला दुसऱ्या नंबरचा वाटतो. मेलचा पत्ता, फोन नंबर आणि पासवर्ड दुकानाच्या ताब्यात आहेत का, हा पहिला. आमच्याकडे हे सगळं जागेवर लावताना जे पाहिलं ते एकदाच लिहून काढते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं तर लिंक पाठवता येईल.

आमचं दुकान नागपूरच्या इतवारीत. वजनकाटे विकणं, दुरुस्त करणं आणि वर्षाचं पासिंग करून देणं. पासिंग म्हणजे वैधमापन शास्त्र विभागाकडून काट्याची फेरपडताळणी. इलेक्ट्रॉनिक काट्याला ती दर १२ महिन्यांनी लागते, सुट्या वजनांना २४. सराफाचा काटा अचूकतेच्या क्लास २ चा, किराण्याचा क्लास ३ चा, आणि जिनिंगवाल्यांचे न् राइस मिलचे धरमकाटे, म्हणजे ट्रक तोलायचे काटे, हा वेगळाच संसार. दुकान बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सुरू केलं. आता बाहेरचं काम नवरा बघतो, काउंटर आणि कागदपत्रं माझ्याकडे. एक अकाउंटंट ताई आहेत. तीन मेकॅनिक सकाळी तर्री-पोहा खाऊन गाडीवर बसतात ते दिवस मावळेपर्यंत सावनेर, काटोल, उमरेड करत असतात.

आता यात मेल येतो कुठे? दिवसाला मोजकेच येतात, पण जे येतात ते सगळे वजनदार. कंपनीची नवी दरपत्रकं, कारखान्यांची कोटेशनची मागणी, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलची पत्रं, जीएसटीचे ओटीपी, बँकेचं काय काय. गिऱ्हाईक मात्र मेल करत नाही. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर काट्याच्या डिस्प्लेचा हललेला फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, "चालून नाही राहिला." म्हणजे आमच्यासारख्या दुकानाला दोन दारं. एक कागदाचं, एक बोलण्याचं. दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो, आणि मेल विकायला येणारे लोक नेमकं दुसऱ्या दाराबद्दल काही बोलत नाहीत.

आधी आमच्याकडे इथे सगळ्यांकडे असतं तेच होतं. दुकानाचं नाव, पुढे चार आकडे, ॲट जीमेल. घरातल्या एका भाच्याने कॉलेजात असताना काढून दिलेलं. पासवर्ड सगळ्यांना पाठ, अगदी गोडाऊनच्या पोरालासुद्धा. रिकव्हरीचा, म्हणजे अडलं की कोड जातो तो, नंबर भाच्याचा. भाचा पुढे नोकरीला बंगलोरला गेला, रात्रपाळीला. दुकानात नवा फोन घेतला की त्याला दिवसा झोपेतून उठवून कोड विचारायचा. तो बिचारा कुरकुर न करता सांगायचा, पण हा काही कारभार नव्हे.

शिवाय त्या फुकट खात्याला १५ जीबी जागा असते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून. १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. मेकॅनिकच्या फोनवर तेच खातं जोडलेलं असेल तर त्याच्या साळ्याच्या लग्नाचे व्हिडिओ दुकानाच्या डब्यात जाऊन बसतात. डबा भरला की नवा मेल आत येतच नाही. पाठवणाऱ्याला तो परत गेल्याचं कळतं, आपल्याला काही कळत नाही. आपण आपले म्हणत बसतो, कोटेशन पाठवलं तर पार्टीचं उत्तर कसं नाही.

तर स्वतःचं डोमेन. दुकानाच्या नावापुढे डॉट इन. वर्षाचा खर्च साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर, म्हणजे एका काट्याच्या बॅटरीपेक्षा फार नाही. पण घेताना एक बघा. वेबसाइट करून देणारा माणूस "डोमेन मी घेऊन देतो" म्हणतो आणि ते त्याच्या स्वतःच्या खात्यात घेतो. आमचंही एकाने तसंच घेतलं होतं. माणूस वाईट नव्हता. तो पुण्याला गेला, धंदा बदलला, फोन उचलेनासा झाला आणि रिन्यूअलची सूचना त्याच्या मेलवर जात राहिली. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, हलवायला एक कोड लागतो. तो मिळतो फक्त खातं ज्याचं आहे त्याला. माझ्या नवऱ्याने त्या वेबसाइटवाल्याच्या वडिलांना गाठलं, तेव्हा कुठे तो कोड हाती आला. म्हणून सांगते, डोमेनचं खातं स्वतःच्या मेलवर, स्वतःच्या नंबरवर आणि स्वतःच्या कार्डावर उघडा. वेबसाइटवाल्याला हवं तर आत येऊ द्या, मालकी देऊ नका. आणि हे खातं ज्या मेलवर उघडाल तो त्याच डोमेनचा नसू द्या. डोमेन बंद पडलं तर मेलही बंद, आणि मग सूचना येणार कुठे?

डोमेन हातात आलं की वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर, म्हणजे ती ठेवायच्या भाड्याच्या जागेबरोबर, मेल फुकट मिळतो. दिसायला छान असतो. पण त्या सर्व्हरवर शेकडो वेबसाइटी एकत्र नांदत असतात. त्यातल्या एकीने कचरा मेल सोडले की सगळ्यांचं नाव खराब होतं आणि आपलं कोटेशन पार्टीच्या स्पॅममध्ये. यासाठी डोमेनच्या सेटिंगमध्ये काही नोंदी असतात. या डोमेनचा मेल कोणाचा सर्व्हर पाठवू शकतो, ती यादी म्हणजे एसपीएफ. डीकेआयएम आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन समजतं. पासिंग झालेल्या काट्याला तार ओवून शिशाचं सील मारतात, मधे कोणी पेटी उघडली की ते तुटलेलं दिसतं. मेलवर तसलंच सील असतं, ते समोरचा सर्व्हर तपासतो. सील तुटलं तर काय करायचं, हे सांगणारी नोंद म्हणजे डीमार्क. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी हे नियम कडक केले. जीमेलकडे मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम निदान एक तरी हवं, आणि दिवसाला पाच हजारांवर पाठवणाऱ्याला तिन्ही. आपण काही पाच हजार पाठवत नाही. तरी तिन्ही लावून घ्या. शांतपणे बसलं तर दुपारभराचं काम आहे आणि पुन्हा त्याकडे बघावं लागत नाही.

आता कंपनी कुठली? गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि झोहो, तिघांच्याही विकणाऱ्यांशी मी बोलले. प्रत्येकाचं म्हणणं आपलंच बरं, ते साहजिक आहे.

आमच्या सीए साहेबांकडे मायक्रोसॉफ्ट आहे आणि त्यांना तेच शोभतं. त्यांच्याकडे कामाला असलेली पोरं दिवसभर एक्सेलमध्ये बुडालेली असतात, पार्टीच्या फाइलींत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतात, त्या ब्राउझरमध्ये धड चालत नाहीत. एवढं लक्षात ठेवा की त्यांच्या स्वस्तातल्या बिझनेस बेसिक प्लॅनमध्ये वर्ड-एक्सेल फक्त ब्राउझरवर आणि मोबाइलवर मिळतं. कॉम्प्युटरवर बसवायचं एक्सेल हवं तर वरचा प्लॅन घ्यावा लागतो. एक टीबीचं वनड्राइव्ह मिळतं हे खरं, पण आमच्या दुकानाला एवढी जागा काय करायची? सगळ्या विदर्भाच्या काट्यांचे फोटो ठेवले तरी उरेल.

माझी नणंद सक्करदऱ्याला घरून मसाले आणि पापड करते. तिने झोहो घेतलं, तेही फुकटचं. पाच जणांपर्यंत, माणशी ५ जीबी, स्वतःच्या डोमेनवर. तिला पुरे आहे. या फुकट प्लॅनमध्ये आयमॅप नसतं, म्हणजे आउटलुकमध्ये तो मेल जोडता येत नाही. झोहोचं ॲप वापरा नाहीतर ब्राउझर. ती तशीही सगळं फोनवरच करते. कंपनी चेन्नईची, १९९६ पासूनची, आणि तामिळनाडूत तेनकासीजवळच्या गावात बसून त्यांचे लोक काम करतात, हे मला आवडतं. आपल्याकडे हुशार पोरगं निघालं की ते पुणे-बंगलोरलाच जाणार असं धरून चालतात सगळे, भाच्याचं वर सांगितलंच. पण आवडणं वेगळं आणि आपल्या दुकानाला बसणं वेगळं.

आम्ही गूगल वर्कस्पेस, म्हणजे गूगलचं धंद्यासाठीचं पैशाचं खातं, घेतलं. कारण अगदी साधं. मेकॅनिक ज्या अँड्रॉइड फोनवर दिवस काढतात त्यात जीमेल आणि ड्राइव्ह आधीपासून असतात, त्यांना काही नवं शिकवावं लागलं नाही. ज्याला नव्या ॲपचं नाव काढलं की "मॅडम, ते हँग होते" असं आठवतं, अशा माणसाबरोबर काम करून पाहा, मग कळेल मी काय म्हणते. अकाउंटंट ताईंचं टॅली आणि जुनं विकत घेतलेलं एक्सेल त्यांच्या कॉम्प्युटरवर होतं तसंच आहे. त्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला, त्यामुळे मेलच्या खर्चाला लागूनच तोही खर्च निघाला.

पैशांचं सांगायचं तर या तिघांचं बिल माणशी, महिन्याला असतं. म्हणून विकणारा आधी विचारतो, "स्टाफ किती?" स्टाफ सांगू नका. मेलपेटी कोणाला लागते ते सांगा. आमच्याकडे पेट्या तीनच: मी, नवरा, अकाउंटंट ताई. सेल्स, सर्व्हिस, अकाउंट्स असे जे पत्ते बिलावर छापलेत ते ग्रुपचे आहेत, त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. सर्व्हिसवर आलेला मेल मला आणि नवऱ्याला दोघांनाही दिसतो. उद्या ताई सोडून गेल्या तरी बाहेरच्या जगाला अकाउंट्सचा पत्ता तोच राहील. पत्ता खुर्चीला द्यायचा, बसणाऱ्याला नाही. आणि खरेदी करताना जीएसटी नंबर टाकायला विसरू नका. १८ टक्के जीएसटी लागतो, नंबर टाकला तर त्याचं क्रेडिट मिळतं. कार्डाने घरगुती बिल काढून बसलेले दोनतीन दुकानदार मला माहीत आहेत.

कोणी सोडून गेलं तर घाईने त्याचं खातं उडवू नका. वर्कस्पेसमध्ये उडवलेलं खातं २० दिवसांत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्टमध्ये ३०. त्यानंतर गेलं ते गेलं. आधी पासवर्ड बदला, फाइली आपल्या नावावर घ्या, जुने मेल उतरवून ठेवा, मग बंद करा. जीएसटीच्या कायद्यात हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायला सांगितलेत. पार्टीने मेलवर कबूल केलेला भाव त्या मेलपेटीबरोबर गेला तर सहा वर्षं कुठून दाखवणार?

मेल हलवताना जुना मेल हे खरं जड काम. ताईंच्या कॉम्प्युटरवर आउटलुक होतं आणि ते पीओपीने जोडलेलं. पीओपी मेल उतरवून घेतं आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरचा पुसून टाकतं, म्हणजे अनेक वर्षांचा व्यवहार त्या एका कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर, एका पीएसटी फाइलीत. त्या फाइलीची कॉपी वेगळ्या डिस्कवर घेतल्याशिवाय मी कोणालाही काही हलवू दिलं नाही. डोमेनची एमएक्स नोंद, म्हणजे येणारा मेल कुठे उतरवायचा ते सांगणारी नोंद, शनिवारी रात्री बदलली. ती सगळीकडे पोचायला एखाद-दोन दिवस लागू शकतात, तोवर काही मेल जुन्या पेटीत पडतात, काही नव्या. जुनी पेटी लगेच बंद करायची नाही, एवढं पाळलं की झालं. जुन्या जीमेलवर आजही कधीमधी एखादी ऑर्डर येते. त्यावरून आपोआप पुढे पाठवायचं लावून ठेवलंय.

आता दुसरं दार, फोनचं. इथे मला जरा जास्त लिहायचं आहे.

आमचा एक जुना मेकॅनिक, हात अतिशय चांगला, काही वर्षांपूर्वी सोडून गेला आणि त्याने स्वतःचं काम सुरू केलं. चांगली गोष्ट आहे. पण काटोल पट्ट्यातली सगळी गिऱ्हाइकं त्याच्या नंबरवर फोन करत होती. दुकानाचा नंबर कोणाकडे नव्हताच. त्याला दोष देता येत नाही, सिम त्याचं, नंबर त्याचा. तेव्हापासून मेकॅनिकला दुकानाचा फोन, आत फर्मच्या नावाने घेतलेलं सिम. फर्मच्या नावाने सिम घ्यायला कंपनीचे कागद आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र लागतं, थोड्या चकरा होतात, पण नंबर दुकानाचा राहतो. स्वतःचा फोन त्यांनी खिशात खुशाल ठेवावा, त्यात आम्ही डोकावत नाही.

फोन महाग नको. बॅटरी मोठी हवी, कॅमेरा जवळचं बारीक अक्षर टिपणारा हवा, आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते बर्डीवरच्या मोबाइलच्या दुकानदाराला तोंडावर विचारा. त्याला माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर असतं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि गाडीच्या डिकीत तर विचारूच नका. ॲपल आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंश तापमान सांगतं, म्हणजे आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत तो बिचारा नियमाबाहेरच. फोन डिकीत ठेवायचा नाही, हा आमच्याकडे लेखी नियम आहे.

व्हॉट्सॲप बिझनेस दुकानाच्या नंबरवर घेतलं. ते लँडलाइनवरही घेता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एसएमएसऐवजी फोन येऊन कोड सांगतात. एका नंबरवर मुख्य फोन आणि वर चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे काउंटरचा कॉम्प्युटर, माझा फोन आणि ताईंचा कॉम्प्युटर एकाच नंबरवर बोलतात. मुख्य फोन १४ दिवस उघडला नाही तर बाकीची उपकरणं आपोआप बाहेर पडतात. तो फोन काउंटरखाली चार्जिंगला लावलेला असतो आणि रोज सकाळी दिवाबत्ती झाली की कोणीतरी उघडतं. लेबलं हा त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. "पासिंग बाकी", "पैसे बाकी", "काटा दुकानात". पैसे बाकीचं लेबल इतवारीच्या हिशेबाने फारच लांबलचक आहे. ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकच संदेश अनेकांना पाठवायच्या सोयीचं, एक कळून घ्या. यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने आपला नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो संदेश जातो. म्हणून विकलेल्या प्रत्येक काट्यावर आम्ही नंबराचं स्टिकर लावतो आणि मेकॅनिक तिथेच उभा राहून गिऱ्हाइकाकडून नंबर सेव्ह करवून घेतो.

सुरुवातीला मी मोठ्या उत्साहाने गूगल फॉर्म केला होता. काट्याचा सीरियल नंबर, क्षमता, पासिंगची तारीख, सगळे रकाने. पण पत्र्याच्या जिनिंग शेडमध्ये नेटवर्क नसतं आणि फॉर्म नेटशिवाय चालत नाही. मग मेकॅनिकांनीच मार्ग काढला. प्रत्येक ठिकाणी चार फोटो, ठरलेल्या क्रमाने: दुकानाचा बोर्ड, काट्याची नावपट्टी, सील, प्रमाणपत्र. संध्याकाळी दुकानात आले की वायफायवर ड्राइव्हच्या त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकायचे. ताई त्यावरून शीट भरतात, शीट पुढच्या पासिंगच्या तारखेप्रमाणे लावलेली असते, आणि मुदतीच्या महिनाभर आधी मी फोन करते.

याचा उपयोग कसा होतो ते सांगते. पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावायचं असतं आणि ते हटकून हरवतं. मागे सराफ्यातल्या एका दुकानात निरीक्षक आले. मालकांचा फोन, आवाज बारीक, "ताई, तो कागद सापडून नाही राहिला." मी म्हटलं, काट्याच्या बाजूच्या पट्टीवर सीरियल नंबर असेल तो वाचा. चष्मा शोधण्यात वेळ गेला तेवढाच. त्यांनी आकडे सांगितले, मी ड्राइव्हच्या शोधात टाकले. ड्राइव्ह फोटोतली छापील अक्षरंही वाचतं, त्यामुळे नाव न दिलेला फोटोसुद्धा सापडतो. प्रमाणपत्राचा फोटो समोर आला, पाठवला. तिकडे साहेबांचा चहा अजून यायचा होता.

फोन हरवला तर? प्रत्येक फोनचे आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळखीचे, नंबर शीटमध्ये लिहून ठेवा. स्टार, हॅश, ०६, हॅश दाबलं की दिसतात. पोलिसांत तक्रार दिल्यावर संचार साथी पोर्टलवरून फोन ब्लॉक करता येतो, ही सोय २०२३ च्या मेपासून देशभर आहे. आणि त्या फोनवर वर्कस्पेसचं खातं जोडलेलं असेल तर ते ॲडमिनमधून लांबूनच पुसता येतं.

टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, तिन्ही खात्यांना सक्तीचं आहे. गूगल दहा बॅकअप कोड देतं, ते छापून तिजोरीत ठेवलेत. ॲडमिन दोघं, मी आणि नवरा, म्हणजे एक जण गावाला गेला तर अडत नाही. हे सांगितलं की लोक म्हणतात, "एवढं कायले?" एवढं अशासाठी. आमच्या पुरवठादार कंपनीच्या नावाने एक मेल आला होता, आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट इथे करा. लोगो तोच, खाली सही तीच, जुन्या बिलाचा नंबरसुद्धा बरोबर. ताईंनी पत्ता मोठा करून पाहिला तर डोमेनमधल्या इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन चिकटून बसलेले. लहान अक्षरात डोळ्याला फरकच कळत नाही. बँक खातं बदलल्याचा मेल आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, हा दुकानातला नियम आहे. आणि पैसे गेलेच तर १९३० ला, सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला, लगेच फोन. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

अडत्यांना मी शेवटी काय सांगितलं? तुमच्याकडे दोनच माणसं मेल बघतात, सगळं फोनवर चालतं, झोहोचं फुकटचं सहा महिने वापरून पाहा. पण त्याआधी काकांच्या नावाचं सिम बदला. ते म्हणाले, "ते काम मोठं आहे हो."

मोठं आहेच. आमच्याही घरात एक नंबर अजून बाकी आहे, बाबांचा. कळमन्यातल्या प्रत्येक जुन्या अडत्याच्या डायरीत तो लिहिलेला आहे आणि मोठ्या धरमकाट्यांची कामं अजून त्यावरच येतात. फर्मच्या नावावर करू म्हटलं तर बाबा म्हणतात, माझा नंबर माझ्या नावावर राहू दे. व्हॉट्सॲप बिझनेस टाकू म्हटलं तर त्या नंबरवर त्यांचे भजनी मंडळाचे ग्रुप आहेत, आणि एका नंबरवर साधं व्हॉट्सॲप चालतं नाहीतर बिझनेस, दोन्ही नाही. एवढं मात्र त्यांनी मानलं की त्यांनी उचलला नाही तर फोन काउंटरवर यावा, तो फॉरवर्ड लावून दिलाय. दुपारी एक ते चार त्यांची झोप असते, तेवढ्या वेळातले सगळे धरमकाटेवाले माझ्याशी बोलतात, आणि प्रत्येक जण आधी विचारतो, "काकाजी नाहीत का?"